फावणं

वयस्कर आईवडिलांसाठी डिजिटल कॅमेरा घ्यायचा तर काय बघावं, याच्या याद्या सगळीकडे साधारण सारख्याच असतात. बटणं कमी आणि मोठी असावीत. पडदा मोठा असावा. वजन हलकं असावं. सगळं आपोआप ठरवणारा मोड असावा. हात हलला तरी फोटो हलू नये, अशी सोय असावी. यादीतली प्रत्येक ओळ कॅमेऱ्याबद्दल खरं बोलते. तो ज्याच्या हातात जाणार आहे त्या माणसाबद्दल मात्र तिला एवढंच ठाऊक असतं, की त्याचं वय झालं आहे.

माझ्या आईची यादी एका शब्दाची होती. "मला फावेल असा आण," ती म्हणाली.

आई साताऱ्याची. १९७० साली लग्न होऊन बडोद्याला आली आणि दांडिया बाजारातल्या मराठी शेजारात राहूनही तिच्या बोलण्यात गुजराती हळूहळू मुरत गेली. साताऱ्याच्या मराठीत 'फावला वेळ' असतो, किंवा एखाद्याचं 'फावतं', म्हणजे त्याला आयती संधी मिळते. त्या म्हणण्यात थोडी असूयाही असते. गुजरातीतलं 'फावे' हे त्याहून मोकळं, रोजच्या वापरातलं क्रियापद. जमिनीवर बसायची वेळ आली की पाहुण्याला विचारतात, 'फावशे?' नवी चप्पल, नवं गाव, डाव्या हाताने जेवणं, सासूबरोबर राहणं, हे सगळं एकतर फावतं किंवा फावत नाही. जमणं, सोयीचं पडणं, अंगवळणी पडणं आणि मानवणं या चार शब्दांच्या मधल्या जागेत ते कुठेतरी बसतं. मी बंगाली आणि गुजरातीतून मराठीत अनुवाद करते. या शब्दापाशी मला दर वेळी थांबावं लागतं आणि दर वेळी वेगळा शब्द निवडावा लागतो.

'सोपा' हे विशेषण आहे. ते दुकानातच कॅमेऱ्याला चिकटवता येतं. तो कोण वापरणार हे विचारावं लागत नाही. 'फावणं'ला मात्र कुणीतरी लागतं. मला फावतं, तिला फावत नाही. भूक लागते, आठवतं, आवडतं, तसंच. 'मला', 'तिला' काढून टाकलं की वाक्यच उरत नाही. आईने कॅमेऱ्याची अट सांगताना स्वतःला त्या वाक्यात ठेवलं होतं, म्हणून मलाही निवडीची सुरुवात तिच्यापासून करावी लागली.

तिला फोटो काढायचे होते रांगोळीचे.

माहेरी असल्यापासून, म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ, आई रोज सकाळी दारात रांगोळी काढते. फुलं-पानं, मोर वगैरे सणासुदीला. एरवी ठिपक्यांची. त्यासाठी ती वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदाला उदबत्तीने समान अंतरावर भोकं पाडते, तो कागद जमिनीवर ठेवते, वरून रांगोळी पसरून हात फिरवते आणि कागद अलगद उचलते. खाली ठिपके शिस्तीत उभे असतात. मग ते चिमटीने जोडायचे. ठिपके कागदाचे, रेघा हाताच्या. साडेसात वाजता शाळेची पहिली सायकल त्यावरून जाते आणि संध्याकाळपर्यंत तिथे पांढुरका डाग उरतो. साठ वर्षांतल्या एकाही रांगोळीची नोंद कुठे नाही आणि तिला त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी श्रावणात तिच्या लक्षात आलं, की कागद उचलल्यावर ठिपक्यांची मधली ओळ वाकलेली दिसते. तिने कागद तपासला. कागद बरोबर होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "कागद वाकडा असू शकत नाही," तिने मला फोनवर सांगितलं, "म्हणजे मीच." डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की दृष्टिपटलाचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो वयोमानाने झिजतो आहे. उजव्या डोळ्यात 'कोरडा' प्रकार, डाव्यात 'ओला'. ओल्यासाठी डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात. कडेची नजर सहसा शाबूत राहते, मधली धूसर होते. सरळ रेघा वाकलेल्या दिसणं ही या आजाराची ओळखीची खूण.

घरी ठेवायला त्यांनी एक कार्ड दिलं. मार्क आम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. १० सेंटिमीटरचा चौकोन, त्यात ५ मिलिमीटरचे ४०० बारके चौकोन आणि मधोमध एक ठिपका. एक डोळा झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा कुठे वाकतात, कुठे पुसट होतात हे पाहायचं. आईने कार्ड हातात घेतलं, एका कडेच्या रेघा मोजल्या आणि म्हणाली, "२१ ठिपके, २१ ओळी. एवढी मोठी मी दिवाळीतच काढते."

आता सल्ले सुरू झाले. दारात लावायच्या तयार रांगोळ्या मिळतात, चिकटवल्या की वर्षभर बघायला नको. साच्यातून काढा. कामाला येणाऱ्या बाईला सांगा. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण रेघ थरथरली की बघणारे लगेच एकमेकांकडे बघायचे, हे आईला डोळ्यांच्या कडेने दिसत होतं. कडेची नजर शाबूत होती. तिचा प्रश्न साधा होता. रेघ वाकडी येते ती हातामुळे, की सरळ आलेली रेघ डोळा वाकवतो? हात गेला असेल तर ती थांबणार होती. डोळाच फसवत असेल तर थांबायचं काही कारण नव्हतं. तिला रांगोळी पुसून जाण्याआधी धरून ठेवायची होती, आणि नंतर निवांत बसून एकेक रेघ तपासायची होती.

फोनमध्ये कॅमेरा असताना वेगळा कॅमेरा कशाला, असं माझ्या भावाने बंगळुरूहून विचारलं. प्रश्न रास्तच होता. फोनचा कॅमेरा तिच्यासाठी घ्यायच्या कुठल्याही कॅमेऱ्याइतकाच चांगला आहे. पण फोनचा पडदा बोटातून जाणाऱ्या किंचित विजेवर चालतो, आणि छहात्तर वर्षांच्या कोरड्या बोटाला तो नीट दाद देत नाही. त्यात बोटांवर रांगोळीची पूड. तीनदा दाबून काहीच होत नाही, चौथ्यांदा भलतंच काही उघडतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे फोन हे सताड उघडं दार आहे. फोटो काढताना कुणाचाही फोन येतो, बँकेचा संदेश येतो, 'डिजिटल अटक' करणाऱ्या ठगांच्या बातम्या येतात. चुकीच्या जागी बोट लागलं तर पेन्शनचे पैसे जातील, ही धास्ती तिला आहे आणि ती निराधार नाही. कॅमेऱ्यात बँक नाही. तिथे काही बिघडलंच तर फार तर एक फोटो बिघडेल.

आणखी एक कारण होतं, ते आईने सांगितलं नाही. आमच्या घरात कॅमेरा कायम बाबांच्या हातात असायचा. आग्फाचा क्लिक थ्री. काळा, हलका, खेळण्यासारखा दिसणारा. योगायोग असा, की भारतात हा कॅमेरा आमच्याच गावात, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार व्हायचा. १२० चा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो. बाहेर ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं आणि खटका दाबायचा. मोठी बटणं, कमी बटणं, हलकं वजन, आजची अख्खी यादी त्याने पन्नास वर्षांपूर्वीच पूर्ण केली होती. तरी आईने त्या कॅमेऱ्याने एकही फोटो काढला नाही. रोल महाग, फोटो बाराच, वाया जायला नकोत. म्हणून ज्याला येतं त्याने काढायचे. आमच्या अल्बममध्ये आई प्रत्येक पानावर आहे आणि बाबा जवळजवळ कुठेच नाहीत. त्या दोन्ही गोष्टींचं कारण एकच. कॅमेरा कितीही सोपा असला, तरी तो कुणाच्या हातात जायचा हे घर ठरवत होतं.

सोपेपणाचं आश्वासन तसं कॅमेऱ्याइतकंच जुनं आहे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक विकायला काढला तो याच बोलीवर, की तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आमच्याकडे लागलं. आत शंभर फोटोंची फिल्म भरलेली असायची. ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. तिकडून छापलेले गोल फोटो आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत यायचा. लाखो लोकांनी त्यातून पहिल्यांदा फोटो काढले, हे खरंच. पण 'बाकीचं आम्ही बघू' या वाक्याची घरगुती आवृत्ती मला चांगली ओळखीची आहे: "दे इकडे, मी काढून देते." फोन आईच्या हातात असतो तेव्हा हे वाक्य दर पाच मिनिटांनी कुणीतरी बोलतं. वेगळा कॅमेरा असला तर ते कमी वेळा बोललं जाईल, असा माझा अंदाज होता.

मी राहते कोलकात्यात. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करायला आले आणि इथलीच झाले. तेव्हा खरेदी धर्मतल्याला, मेट्रो सिनेमाजवळच्या गल्लीत. कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी ही 'मेट्रो गली' ओळखली जाते. पण साधे, खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे आता बाजारातून जवळपास उठले आहेत. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२३ मध्ये हा आकडा ऐंशी लाखांच्याही आत होता. बाकीचे फोनने गिळले. नवीन घ्यायला जावं तर एकीकडे महागडे, व्यावसायिक कॅमेरे आणि दुसरीकडे मोजके छोटे. जुन्यांना मात्र अचानक भाव आला आहे, कारण दोन हजारच्या दशकातले फोटो जसे दिसायचे तसे फोटो कॉलेजातल्या मुलांना आता हवे आहेत. काउंटरवर माझ्या शेजारी उभी असलेली विशीतली मुलगी आणि मी एकाच खोक्यातले कॅमेरे उलटेपालटे करत होतो.

आईला काय हवं आहे ते माहीत असल्यामुळे माझ्या परीक्षा वेगळ्या होत्या. पहिली परीक्षा फरशीची. भिंग रुंद कोनावर असलं, म्हणजे जास्तीत जास्त जागा फोटोत घेत असलं, की फोटोच्या कडेच्या सरळ रेघा माठाच्या पोटासारख्या बाहेर फुगतात. काही कॅमेरे हा बाक आतल्या आत दुरुस्त करतात, काही करत नाहीत. एरवी याने कुणाचं बिघडत नाही. पण जिला आपल्या डोळ्याचा बाक शोधायचा आहे तिच्या हातात स्वतःच रेघा वाकवणारा कॅमेरा देऊन कसं चालेल? म्हणून मी दुकानाच्या चौकोनी फरश्यांचे फोटो काढत सुटले. "दिदी, मेझेर छबि तुलछेन केनो?" दुकानदाराने विचारलं. लोक एकमेकांचे फोटो काढून बघतात, जमिनीचे कोण काढतं? मी त्याला रांगोळीचं सांगितलं. बंगालीत तिला आल्पना म्हणतात. तांदळाच्या पिठीने, बोटाने किंवा चिंधीने काढतात. त्याची आई लक्ष्मीपूजेला काढायची. मग तोच खाली वाकून मला सांगू लागला, की थोडं झूम केलं की कड सरळ येते, बघा. आली.

दुसरी परीक्षा डोळे मिटून. चालू करायचं बटण आणि फोटोचं बटण बोटाला वेगळं कळलं पाहिजे. तिसरी, फ्लॅश एकदा बंद केला की कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तो बंदच राहिला पाहिजे. फ्लॅशच्या उजेडात पांढरी रांगोळी पांढऱ्या डागासारखी येते. चौथी, सेल. आतली खास बॅटरी संपली तर ती कुठून आणायची? पेन्सिल सेल घराखालच्या दुकानात मिळतात आणि भिंतीवरच्या घड्याळातले काढूनही घालता येतात. पाचवी, फोटोवरच तारीख उमटवता आली पाहिजे. छायाचित्रकार या तारखेला नाकं मुरडतात, पण आईसाठी ती अर्धी गोष्ट होती.

या सगळ्यांतून पार पडला तो निकॉनचा एक जुना कूलपिक्स. त्यात एक गोष्ट मी न मागता मिळाली. निकॉनच्या कितीतरी छोट्या कॅमेऱ्यांच्या भाषांच्या यादीत हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगूबरोबर मराठीही असते. यादी खाली सरकवताना अनोळखी गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तसा तो शब्द आपल्या लिपीत समोर आला. बडोद्याला गेल्यावर मी आईसमोर ती निवडली. आईने चष्मा लावून, मान थोडी वळवून वाचलं आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं असेल?" माझ्यासारखंच कुणीतरी. नाव कुठे नाही, शब्दमर्यादा इतकी कडक की एका बोटाएवढ्या जागेत अर्थ मावला पाहिजे, आणि वाचणारा तो कधी वाचेल याची खात्री नाही. त्या अनाम सहकाऱ्याचं काम आईने एकदाच वाचलं. पण यंत्र आपली भाषा बोलतं, हे तिला कळलं, आणि त्यानंतर ती कॅमेऱ्याला वचकून राहिली नाही.

पुढची अडचण मेनूची नव्हती. फोटोचं बटण दोन टप्प्यांत दाबायचं असतं. आधी अर्धं दाबून थांबायचं, कॅमेरा अंतर जुळवून 'टुक्' असा आवाज करतो, मग पूर्ण दाबायचं. नवशिक्या माणसाला सगळ्यात अवघड जाते ती हीच गोष्ट. अर्धं म्हणजे किती? मी तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत एक सूचनापत्रक तयार केलं. चार खर्डे केले. 'शटर' ठेवायचं की 'बटण', 'हलकेच दाबा' की 'अर्धवट दाबा', असा एकेक शब्द तोलला. अकरा ओळी झाल्या. आईने त्या वाचल्या, दोन दिवस कॅमेरा हाताळला आणि मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्वतःचं पत्रक लिहिलं:

१. टिकलीचं बटण.
२. दांडा एकदा उजवीकडे.
३. चिमूट धर. टुक्.
४. चिमूट सोड.

टिकली तिने चालू करायच्या बटणाशेजारी चिकटवली होती. दांडा म्हणजे झूम. आणि चिमूट म्हणजे ते अर्धं दाबणं. रांगोळी सोडण्याआधी चिमटीत ती जेवढ्या जोराने धरायची असते, तेवढंच. साठ वर्षं तिचं बोट हा अर्धा दाब रोज करत आलं होतं. त्याला कॅमेऱ्याच्या भाषेत काय म्हणतात एवढंच ठाऊक नव्हतं. माझा अनुवाद बरोबर होता. तिचा वापरता येण्यासारखा होता.

बंगालीत सोप्याला 'सहज' म्हणतात. रवींद्रनाथांनी मुलांसाठी लिहिलेल्या अंकलिपीचं नाव 'सहज पाठ'. ती १९३० साली निघाली आणि तिच्यातली चित्रं नंदलाल बोस यांची. याच नंदलालांनी पुढे बडोद्याला येऊन कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवल्या, त्यामुळे माझ्या दोन्ही गावांना ते आपले वाटतात. सहज म्हणजे मुळात सह-ज, बरोबर जन्मलेलं. मराठीत त्याचा अर्थ सरकून 'मुद्दाम न करता' असा झाला. बंगालीत तो 'सोपं' झाला. आईचं पत्रक वाचल्यावर या दोन्ही अर्थांतलं अंतर मला बरंच कमी वाटलं. सोपं काय, तर जे आधीपासून हातात असतं त्याला जोडून येणारं. नव्या वस्तूला माणसाच्या जुन्या कसबाशी कुठे गाठ मारता येते ते बघावं लागतं, आणि ती गाठ बहुतेक वेळा ज्याची त्यालाच सापडते.

फोटो बघायचे टीव्हीवर, हे आधीच ठरलं होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून छोट्या रीडरमध्ये घालायचं आणि तो टीव्हीच्या मागे खोचायचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोटाएवढी दिसणारी रांगोळी ४३ इंची टीव्हीवर दारातल्यापेक्षाही मोठी झाली. जगातल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचे फोटोही टीव्हीवरच बघावे लागायचे. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने तो जुळवला होता. वजन साडेतीन किलोंच्या वर, एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद, आणि त्या फोटोत बिंदू किती, तर १०० गुणिले १००. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे १०० ठिपके, १०० ओळी." डिजिटल फोटो म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने पहिली रेघ बघायला सुरुवात केली. मध्येच थांबून म्हणाली, "इथे वाकली." मग नजर चार ठिपके पुढे नेली. वाकडेपणाही चार ठिपके पुढे आला. मागे आणली, तोही मागे आला. असं तिने तीन रेघांवर केलं. चौथ्या रेघेवर एका जागी ती परत परत गेली. नजर कुठेही नेली तरी तिथला बाक तिथेच होता. "हा माझ्याबरोबर चालत नाही," ती म्हणाली. "हा माझा हात." डोळ्याचा बाक नजरेबरोबर सरकतो, हाताचा जागीच राहतो, हे तिने शोधलं ते टीव्हीसमोर, बाबांच्या खुर्चीत बसून. त्या रांगोळीत हाताचे बाक दोन निघाले. बाकी सगळे डोळ्याचे होते. मग तिने मला माझ्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायला सांगितलं. मलाही दोनच सापडले.

त्या दिवसानंतर दारातल्या रांगोळीबद्दल तिने कुणाचा सल्ला घेतला नाही.

आता तिने स्वतःचा नेम ठरवला आहे. रोज एक फोटो, आणि दर सोमवारी तीच ती ११ ठिपके ११ ओळींची रांगोळी. सोमवारचे फोटो एकापाठोपाठ एक लावले की कुठल्या आठवड्यात हात जास्त थरथरला ते कळतं. डोळ्याची तपासणी वेगळी. ती कार्डावरच, एकेक डोळा झाकून. डॉक्टरांनी फोटो कौतुकाने पाहिले आणि स्पष्ट सांगितलं, की याने कार्डाचं काम होत नाही, आणि वाकडेपणा एकदम वाढला तर सोमवारची वाट न बघता लगेच यायचं. कार्ड स्वयंपाकघरात फ्रिजवर आहे. कॅमेरा दाराशेजारच्या कोनाड्यात, रांगोळीच्या डब्याजवळ. त्याची जागा तिथेच ठरली, आणि तो रोज वापरला जातो याचं निम्मं श्रेय त्या जागेला आहे.

फोटो चांगले आहेत का? पुष्कळ फोटोंत तिच्या पायाचा अंगठा आहे. काही तिरपे आहेत, पण तिरप्या फोटोतही सरळ रेघ सरळच राहते, तेव्हा तिचं काही अडत नाही. एका फोटोत शाळेची सायकल रांगोळीवरून जाताना आली आहे, पुढचं चाक मधल्या ठिपक्यावर. तो तिने ठेवला आहे. एकूण दोनशेहून जास्त झाले. एकाही फोटोत ती स्वतः नाही, अंगठा सोडला तर. बाबांचे काढलेले अल्बम आणि हे कार्ड शेजारी ठेवलं की आमच्या घरात काय बदललं ते दिसतं.

मी आईसाठी कॅमेरा घेतला हे कळल्यावर ओळखीतले दोघं-तिघं मॉडेलचं नाव विचारतात. मी ते सांगते. सेल, फ्लॅश, तारीख, फरशी यांचंही सांगते, कारण या गोष्टी उपयोगी पडतात. पण त्याआधी एक विचारते: त्यांना फोटो कशाचा काढायचा आहे? बहुतेक वेळा समोरचा थबकतो आणि म्हणतो, ते काही विचारलं नाही, असंच आपलं, नातवंडांचे वगैरे. मग मी म्हणते, आधी विचारून या. एकाच्या वडिलांना गच्चीवरून दिसणाऱ्या गाड्यांचे नंबर हवे होते, एकीच्या सासूबाईंना आपल्या जुन्या साड्यांचे काठ. एकाला लांबचं दाखवणारा कॅमेरा लागेल, दुसरीला अगदी जवळचं दाखवणारा. दोघांचं वय सारखंच आहे.